भाचीचे वरचे दात

आमच्या आष्टीचा रखमाजी धनगर कशालाच भीत नाही, असं गावात सगळे म्हणत, आणि ते बरंचसं खरं होतं. लांडगा कळपात शिरला तर हा एकटा काठी घेऊन त्याच्या मागे धावे. परतूरच्या बाजारात एका दांडगट दलालाला त्याने भर गर्दीत कानफटात दिली होती, आणि वर त्याचा पटका उचलून नीट झटकून त्याच्या हातात ठेवला होता. पण त्याला एक भीती होती आणि ती सांगताना मलाच लाज वाटते. हा एवढा थोरला गडी आपल्या सख्ख्या भाचीच्या दातांना भीत होता.

भाची म्हणजे टेंभुर्णीला दिलेल्या त्याच्या बहिणीची, साळूबाईची पोरगी. नाव शिवकन्या. तिला दात आले ते आधी वरचे. खालचे आधी आले तर कुणी विचारत नाही. वरचे आधी आले की ते मामाला जड, असं आपल्याकडे धरून चालतात. हे ज्याने पहिल्यांदा ठरवलं त्याचं बायकोच्या भावाशी पटत नसावं. त्यावर उपायही ठरलेला होता. मामाने पोरीला समोरून बघायच्या आधी परातीत तेल ओतायचं, त्या तेलात तिचं तोंड बघायचं, तिच्या हातात चांदीचं काहीतरी द्यायचं. एवढं केलं की मामा सुटला.

साळूबाईने लगेच निरोप धाडला. पण रखमाजी तेव्हा मेंढ्या घेऊन गोदाकाठी गेला होता. तिकडच्या शेतकऱ्यांच्या रानात कळप बसवायचा, त्यांना खत द्यायचं, बदल्यात ज्वारी घ्यायची, असा दिवाळीनंतरचा त्याचा नेम. निरोप एकाकडून दुसऱ्याकडे करत सावकाश पुढे सरकत होता. तेवढ्यात इकडे मेंढ्यांना पाला तोडताना रखमाजी बाभळीवरून खाली आला आणि त्याचा उजवा हात मोडला. हात बांधून तो झाडाखाली कण्हत पडला असताना निरोप पोचला की भाचीला वरचे दात आले. झालं. आडवी फांदी मोडकी होती, पायात काटा भरला होता, हे सगळं बाजूला राहिलं.

पुढे साळूबाईने तेलाची परात मांडून त्याला बोलावलं तर हा म्हणाला, “आता तेलात बघून काय होतंय? पडायचं ते पडलं. आता अजून कामून बघू?” तेव्हापासून त्याने भाचीकडे पाठ फिरवली, आणि हे मी अक्षरशः सांगतोय. भाऊबीजेला टेंभुर्णीला जायचा, पण भिंतीकडे तोंड करून बसायचा. भाऊ येऊन जाईपर्यंत साळूबाई पोरीला आतल्या खोलीत ठेवायची. शिवकन्या चालायला लागली, शाळेत गेली, सातवी झाली. मामाचं तिला माहीत असलेलं रूप म्हणजे एक रुंद पाठ, लाल पटका आणि खांद्यावरची घोंगडी.

इकडे रखमाजीचं जे काही वाईट होई ते भाचीच्या नावावर चढे. विहीर आटली, ती तिच्यामुळे. भावकीत भांडण झालं, तेही तिच्यामुळे. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या तालुक्याची जनावरं चाऱ्यावाचून मेली, रखमाजीच्या मेंढ्या तेवढ्या भाचीच्या दातांनी मेल्या. त्याची बायको चांगुणाबाई चांगली तोंडाची होती. ती म्हणे, “तुमचं समदं खापर त्या लेकराच्या दातावर कामून फोडता?” त्यावर तो उठून मेंढ्यांकडे जाई. गंमत म्हणजे ज्या जनावरात त्याचा जन्म गेला, त्या मेंढीला वरचे पुढचे दात नसतातच. कदाचित म्हणूनच त्याला त्यांची एवढी धास्ती असेल.

ते दात पुढे वाढले ते चांगलेच पुढे. दुधाचे पडून पक्के आले तेव्हा वरचे चारही ओठाबाहेर आले आणि तोंड मिटेना. साळूबाईचं म्हणणं, मामाने बघितले नाहीत म्हणून ते बाहेर आले. आष्टीत रखमाजीचं म्हणणं, ते मलाच हुडकत बाहेर आले. मधल्या मध्ये शिवकन्येला कुणी काही विचारलं नाही. ती बोलताना पदर तोंडावर धरायला शिकली आणि हसायचं तिने जवळजवळ सोडूनच दिलं.

लग्नाचं वय झालं तशी पाहुणेमंडळी येऊ लागली, चहा पिऊन जाऊ लागली. अंबडकडून एक स्थळ आलं. त्यातला म्हातारा सरळ माणूस होता. तो उठताना म्हणाला, “पोरगी कामाची हाय, समजदार हाय. दात तेवढे आत घ्या, मंग आमची ना न्हाई.” पाऊस आला, बाजलं आत घ्या म्हणावं, तसं तो म्हणाला.

बाजारात दात काढणारा एक जण बसायचा. तो म्हणाला, पुढचे चार उपटून टाकू आणि नकली बसवू, आठवड्यात नवरी तयार. शिवकन्या म्हणाली, “दुखत न्हाई तो दात कामून उपटायचा?” या पोरीला स्वतःचं डोकं होतं, हे घरच्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शेवटी शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं की जालन्याला मुंबईहून शिकून आलेले एक दातांचे डॉक्टर आहेत, ते तार लावून दात मागे ओढतात. तिचे वडील रामराव तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी तोंड तपासलं, दातांचा साचा घेतला आणि सांगितलं की आधी दोन्ही बाजूंचा एकेक दात काढून जागा करावी लागेल, मग तार बसवू, दीड वर्ष लागेल. वाकडे आहेत ते ठेवायचे आणि सरळ आहेत ते काढायचे, हे रामरावांच्या डोक्यात शिरेना. पण डॉक्टर म्हणतोय म्हटल्यावर ते हो म्हणाले.

साळूबाई मात्र नाही म्हणाली. ती दारात आडवीच बसली.

“त्या दातात मह्या भावाचा जीव गुंतलाय,” ती म्हणाली. “त्यानं पाह्यल्याबिगर एकबी दात उपटला आन् तिकडं त्याला काई झालं तर? पोरगी घरात राह्यली तरी चालंल. मला एकच भाऊ हाय.”

साळूबाई वाईट आई नव्हती. मुलीच्या डोक्याला तेल लावताना तिचे डोळे भरून येत, हे मला त्यांच्या शेजारणीने सांगितलंय. पण तिच्या मनात ती गाठ बसली होती आणि ती रामरावांच्या रागावण्याने सुटणारी नव्हती. म्हणजे आता सगळं रखमाजीवर येऊन ठेपलं. तो आला आणि त्याने दात बघितले तर उपचार होणार, नाही आला तर शिवकन्या जन्मभर पदराआड बोलणार. आष्टीला निरोप गेला. रखमाजी आला नाही. पुन्हा निरोप गेला. मेंढ्यांना खुरकूत झालीय, असं उत्तर आलं. मेंढ्या ठणठणीत होत्या.

तेव्हा शिवकन्या वडिलांना घेऊन स्वतःच आष्टीच्या बाजाराला आली. रखमाजी एका गिऱ्हाइकाला मेंढी दाखवत होता. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

“मामा, मी शिवकन्या. वळू नका.”

रखमाजीचा हात मेंढीच्या कानावर होता, तो तिथेच राहिला. गिऱ्हाईक काय समजायचं ते समजून बाजूला झालं.

“मह्या दातानं तुमचं काय काय गेलं, तेवढं सांगा.”

“हात मोडला,” रखमाजी मेंढीकडे बघत म्हणाला. “विहीर गेली. दुष्काळात मेंढ्या गेल्या.”

“अजून?”

“एवढंच.”

“आता महं ऐका. जत्रंला समद्या पोरींचे मामा त्यायला बांगड्या भरायला नेतेत. मला मामा न्हाई, मला तुमची पाठ हाय. आन् आता तुमच्यापायी दातबी न्हाई नीट व्हायचे.” तिचा आवाज चढला होता. “येऊ नका बिलकुल. पण मेंढ्याला खुरकूत झाली म्हणून सांगू नका. मी आत्ताच समद्या पाह्यल्या.”

ती वळून चालायला लागली. रामराव ओशाळून तिच्या मागे निघाले. रखमाजी मेंढीचा कान धरून उभा होता. मग तो तसाच, न वळता, मोठ्याने म्हणाला, “कधी जायचंय?”

परतूरहून रखमाजी आगगाडीने जालन्याला आला आणि टेंभुर्णीची मंडळी एसटीने आली. दवाखान्यात पोचल्यावर रखमाजी व्हरांड्यात बाकावर दाराकडे पाठ करून बसला. एवढं आलो हेच खूप झालं, असं त्याचं मत होतं. आत शिवकन्या खुर्चीवर बसली. डॉक्टर सुई भरू लागले तशी साळूबाई आडवी आली आणि पिशवीतून परात काढून म्हणाली की आधी मामा तेलात तोंड बघेल. डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. बाहेर चार पेशंट खोळंबले होते. ते चिडून टेबलावरचा साचा उचलून बाहेर आले आणि रखमाजीसमोर उभे राहिले.

“मामा तुम्हीच ना? हात पुढे करा.”

डॉक्टरसारखा माणूस सांगतोय म्हटल्यावर रखमाजीने हात पुढे केला. डॉक्टरांनी त्याच्या तळव्यावर पांढऱ्या प्लास्टरचे दात ठेवले.

“हे तुमच्या भाचीचे दात. जसेच्या तसे आहेत. बघून घ्या आणि मला काम करू द्या.”

“दादा, डोळे मीट!” साळूबाई आतून ओरडली. पण तोवर रखमाजीने पाहिलं होतं.

हातातून ते खाली पडतील की काय असं आधी वाटलं. पण मग त्याचा अंगठा आपसूक हलला. बाजारात मेंढीचं वय बघताना फिरवतो तसा तो अंगठा एकेका दातावरून फिरवत गेला. वरचे चार पुढे झुकलेले होते. एकावर एक चढला होता. बाकी काही नव्हतं. कुणाचा जीव घ्यायला निघालेत असं त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं.

“एवढेच?” रखमाजीने विचारलं.

“एवढेच,” डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

साळूबाईने क्षणभर विचार केला. तेलात तोंड दिसतं, ते काही खरं तोंड नसतं. इथे प्लास्टरमध्ये दिसले, तेही खरे नव्हेत. म्हणजे तेलात बघितल्यासारखंच झालं, उलट जास्तच बराबर झालं. तिने तिथल्या तिथे रीत पुरी झाल्याचं जाहीर केलं आणि रखमाजीच्या करगोट्यातला चांदीचा मणी सोडवून पोरीच्या हातात ठेवला. तरी मनातली धाकधूक जाईना. आत लेकीचे दात निघत होते आणि बाहेर आई भावाची नाडी धरून बसली होती. दोन्ही दात निघाले. रखमाजीला काहीही झालं नाही. त्याला फक्त भूक लागली.

आता या गोष्टीत मामाने वळून भाचीकडे बघावं, दोघांनी रडावं आणि सगळं सुरळीत व्हावं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण रखमाजीची भीती ज्या घटकेला गेली त्याच घटकेला त्याला लाज आली, आणि लाज भीतीपेक्षा चिवट निघाली. त्या पोरीकडे बघून बोलायचं तरी काय? ज्यासाठी तिला आतल्या खोलीत बसवलं ते अंगठ्याएवढं होतं, हे सांगायचं? तो पाठ करूनच राहिला.

तार आवळायला दर महिन्याला जावं लागे. आता रखमाजीच्या येण्याची काही गरज नव्हती, तरी तो येऊ लागला. मेंढ्या चांगुणाबाईवर सोडून परतूरची गाडी धरायचा. दवाखान्याबाहेरच्या बाकावर मामा-भाची शेजारी शेजारी बसत, दोघं रस्त्याकडे बघत. तार आवळल्यावर तिला कडक काही चावत नसे, म्हणून तो केळी आणायचा आणि न बघता तिच्याकडे सरकवायचा. तारेमुळे तिचं बोलणं बोबडं व्हायचं. तरी ती त्याच्याशी बोलायची, घरचं, शेतातलं, कुणाकुणाचं. पदर न धरता बोलायची, कारण बघणारं कुणी नव्हतंच.

एकदा तिने विचारलं, “मामा, भीती तर न्हाई ना राह्यली आता?”

“न्हाई.”

“मंग?”

“सवय पडली,” रखमाजी म्हणाला. साफ खोटं होतं, आणि तिलाही ते कळलं. ती केळं सोलत राहिली.

अंबडचे पाहुणे तोवर थांबले नाहीत. त्यांनी मुलाचं दुसरीकडे उरकून टाकलं, बरं झालं. जाफराबादला मोटारदुरुस्तीचं काम करणारा एक मुलगा होता. त्याने शिवकन्येला जालन्यात त्याच बाकावर तार लावलेली असतानाच पाहिलं होतं, मोकळ्या तोंडाने मामाशी बोलताना. त्याच्या घरून मागणी आली. दातांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

दीड वर्षाने डॉक्टर म्हणाले, आता दिवसा तार नको, रात्री तेवढी घालत जा. शिवकन्येने त्यांच्या आरशात पाहिलं. ओठ मिटले होते. ते तिने मिटवले नव्हते, ते आपले आपण मिटले होते. तिने ते परत उघडले, परत मिटले. साळूबाई पदराने डोळे पुसत बाहेर धावली.

“दादा, आता तरी बघ! आता तर ते दातबी न्हाई राह्यले!”

रखमाजी बाकावरून उठला आणि वळला. दारात शिवकन्या उभी होती. सावळी, लांब मानेची, मोठ्या डोळ्यांची. रस्त्यात समोरून आली असती तर त्याने तिला ओळखलं नसतं. तो तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला की आत जाणारा एक पेशंट ताटकळला. मग त्याने भलतंच विचारलं.

“आधी कशी दिसायचीस गं?”

 दाखवणार काय? फोटो एकही नव्हता. दात पुढे असलेल्या पोरीचा फोटो कोण काढतो?

“दिसायचे अशीच,” शिवकन्या म्हणाली. “तुम्ही बघायला पाह्यजे होतं.” ती रागावली नव्हती. ते रखमाजीला जास्त लागलं. लांडग्याच्या मागे धावणारा तो माणूस भर व्हरांड्यात पटक्याच्या शेवाने तोंड झाकून रडला. ती लहानाची मोठी झाली, आणि त्यातला एकही दिवस आता त्याला मिळणार नव्हता.

लग्न टेंभुर्णीला झालं. मांडवात गर्दी दाटली. अंतरपाट धरला गेला आणि भटजींनी हाक दिली, “नवरीचा मामा कुठाय? मागं उभे राहा.” मामाने नवरीच्या पाठीशी उभं राहायचं, ही आपल्याकडची रीत. रखमाजी नवा पटका बांधून आला आणि शिवकन्येच्या मागे उभा राहिला. त्याला दिसत होती तिची पाठ, खांद्यावरची शाल आणि केसांवरून मागे बांधलेल्या मुंडावळ्यांची गाठ. पलीकडचं बाकी सगळ्यांना दिसत होतं. पहिलं मंगलाष्टक झालं. दुसरं सुरू झालं.

रखमाजी जागेवरून निघाला. माणसांना बाजूला सारत मांडवाला वळसा घालून तो समोर आला आणि जिथून तिचं तोंड दिसेल अशा जागी अंतरपाटाशेजारी उभा राहिला. भटजी थांबले. कुजबुज सुरू झाली.

“दादा, आरं तुही जागा मागं हाय!” साळूबाई म्हणाली.

“दुसऱ्या कुणाला उभं करा,” रखमाजी म्हणाला. “मला इथून बघायचंय.”

“आरं पण रीत...”

“रीत लई पाळली मी,” तो म्हणाला. “तिनं उभ्या जन्मात मही पाठ पाह्यली. आज ती चालली, तर मी तिची पाठ बघत उभा राहू व्हय?”

 शेवटी साळूबाईचा एक चुलत भाऊ मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला. भटजींनी घसा साफ केला. नवरीने अशा वेळी खाली बघायचं असतं. शिवकन्येने मान वर करून मामाकडे पाहिलं आणि ती हसली, सगळ्या मांडवादेखत, चांगली दात दिसेपर्यंत. तिच्या दोन्ही हातांत हार होता. हात मोकळे असते तरी तिने तोंड झाकलं नसतं.